रक्त का वाढत नाही, एवढं एकदा बघा: फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कोणा एका डॉक्टरांना नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ बसणारे, तालुक्याच्या गावी एकट्याने सगळं सांभाळणारे, ज्यांच्याकडे आम्ही तापापासून लग्नाच्या मुलीच्या रक्तगटापर्यंत सगळं घेऊन येतो, त्या तुम्हा सर्वांना लिहिते आहे. मी नाशिकला एका माध्यमिक शाळेत शिकवते. मला सीलिॲक हा आजार आहे, गव्हामुळे लहान आतडं झिजवणारा. तो सापडायला अकरा वर्षं लागली. आता त्याच्या जोडीला थायरॉईडचं काहीतरी उभं राहू पाहतंय. पोटाच्या मोठ्या डॉक्टरांना न लिहिता तुम्हालाच का लिहिते, याचं कारण साधं आहे. त्यांच्यापर्यंत मी पोचले तेव्हा माझं निदान एका दिवसात झालं. अकरा वर्षं गेली ती तिथवर पोचण्यात, आणि तिथे पाठवणारे तुम्हीच असता.

2008 साली मुलगी झाली तेव्हा माझं हिमोग्लोबिन 8.2 होतं. बाळंतपणानंतर असं होतं, असं सगळेच म्हणाले आणि ते खरंही आहे. रक्तवाढीच्या गोळ्या सुरू झाल्या. बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, अळीव, लोखंडी कढईतली भाजी, आईने सांगितलेलं सगळं केलं. आकडा नऊच्या पुढे जाईना. दोन वर्षांनी पाळीमुळे असेल म्हणून सोनोग्राफी झाली, त्यात काही नव्हतं. जंताचं औषध तीनदा घेतलं. मग शिरेतून लोह दिलं. हिमोग्लोबिन 11 वर गेलं, घरात पेढे वाटायचेच बाकी राहिले, आणि आठ महिन्यांत परत 8.6. पुन्हा सलाईन, पुन्हा चढलं, पुन्हा उतरलं. मधल्या काळात एकदा दिवस गेले होते, ते तिसऱ्या महिन्यात गेले. त्याबद्दल मी इथे एवढंच लिहिते.

पोटाची तक्रार होती, पण ती मी आजार म्हणून कधी सांगितलीच नाही. जेवल्यावर पोट तट्ट फुगायचं. महिन्यातून दोन-तीनदा जुलाब. तोंड सतत आलेलं. प्रत्येक दवाखान्यात ॲसिडिटीची गोळी मिळायची आणि मीही ती घेत राहायचे. शिवाय माझं वजन 64 किलो होतं. पोटात काही जिरत नाही असा माणूस वाळलेला, गालफडं बसलेला असणार, अशी आपली समजूत असते. माझ्याकडे बघून तसा संशय यायचं कारण नव्हतं. नंतर कळलं की मोठ्या वयात सापडणाऱ्या सीलिॲकच्या पुष्कळ रुग्णांचं वजन अगदी ठीक असतं, काहींचं जास्तच असतं. तुमच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर ही एक गोष्ट कृपा करून मनात ठेवा. वजनावरून हा आजार नाही असं म्हणता येत नाही.

2019 मध्ये आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर बसले होते. मी फाईल उघडून ठेवली. त्यांनी सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाले, "ताई, लोह शिरेतून दिलं की चढतं, तोंडाने घेतलं की चढत नाही. म्हणजे ते आतड्यातून आत जातच नाहीये. का जात नाही ते बघायला हवं." मग विचारलं, "पोळी रोज खाता ना?" मी हो म्हटलं. त्यांनी तपासणीच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या: टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए. पहिली सीलिॲकमध्ये रक्तात वाढणारी अँटिबॉडी मोजते, दुसरी आयजीए या प्रकारच्या अँटिबॉडी एकूण किती आहेत ते. अकरा वर्षांत या दोन ओळी कोणी लिहिल्या नव्हत्या. माझा आकडा मर्यादेच्या दहापटीहून जास्त आला. पुढच्या आठवड्यात दुर्बिणीने लहान आतड्याच्या सुरुवातीचे तुकडे घेतले आणि निदान पक्कं झालं.

आधीच्या कोणा डॉक्टरांवर राग धरून मी हे लिहीत नाहीये. रोज ऐंशी-ऐंशी पेशंट बघणाऱ्या माणसाला, महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे हे ठाऊक असताना, समोरची एक बाई वेगळी कशी वाटणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आपल्या राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण 54.2 टक्के होतं. या गर्दीत मी हरवले. म्हणूनच मी गर्दीतून वेगळं काढायची खूण सांगते आहे: तीन महिने गोळ्या नीट घेऊनही जिचं रक्त वाढत नाही, ती बाई. तिचं पाळीचं कारण शोधा, जंत बघा, ते सगळं करा, पण त्याच फेरीत या दोन ओळीही लिहा.

तुम्हाला मी आतडं शिकवायला नको. पत्र खुलं आहे, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी थोडंसं. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला टॉवेलच्या फासांसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व त्यांच्यावाटे रक्तात जातं. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक परदेशी धान्य) यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. सीलिॲक असलेल्या माणसाच्या शरीराची संरक्षण-यंत्रणा ग्लूटेन पाहिलं की बिथरते आणि स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. फास झिजत जातात आणि टॉवेलचं साधं कापड उरतं. लोह नेमकं आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि मारही तिथेच सगळ्यात जास्त बसतो. म्हणून कितीतरी जणांत हा आजार पोटदुखीच्या आधी पांढऱ्या पडलेल्या नखांतून दिसतो. याला "गव्हाची ॲलर्जी" म्हणायची आपल्याकडे पद्धत पडली आहे, पण ॲलर्जीसारखं ते एका गोळीने शमत नाही. यावर औषध नाही. ग्लूटेन पूर्ण आणि कायमचं बंद करणं एवढाच उपचार, आणि तो केला तर फास परत उगवतात.

गव्हाचा हा दोष सापडला त्याची हकिगत मी वर्गात मुलांनाही सांगते. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ होते. सीलिॲकच्या मुलांना गहू सोसत नाही असा संशय त्यांना दुसऱ्या महायुद्धाआधीपासूनच होता. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. त्या काळात बाकीची मुलं रोडावत असताना सीलिॲकची मुलं सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. 1950 मध्ये डिके यांनी यावर प्रबंध लिहिला. त्यांनी आधी डोळे उघडे ठेवून पाहिलं आणि मग सिद्ध केलं. माझी फाईल ओळीने मांडणाऱ्या त्या तरुण डॉक्टरांनीही तेच केलं.

हा आजार पंजाब-हरियाणाकडचा, आपल्याकडे नसतो, असं मला दोघा जणांनी निदानानंतरसुद्धा ऐकवलं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतातल्या तीन भागांतल्या तेवीस हजारांहून जास्त प्रौढांची तपासणी झाली होती. उत्तरेत प्रमाण 1.23 टक्के निघालं, ईशान्येत 0.87 आणि दक्षिणेत 0.10. पण ज्या जनुकांमुळे हा आजार होऊ शकतो ती तिन्हीकडे जवळपास सारख्याच लोकांत होती, साधारण तिघांत एकाकडे. फरक होता तो ताटात. उत्तरेत माणशी रोज साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गहू, दक्षिणेत पंचवीस ग्रॅम. पश्चिम भारत त्या तीन भागांत नव्हता. मी माझ्या घराकडे बघते. माझी आजी नगर जिल्ह्यातली, तिच्या घरी बाजरी आणि ज्वारी, पोळी फक्त सणाला. आईच्या संसारात एक वेळ भाकरी, एक वेळ पोळी. माझ्या घरात निदान होईपर्यंत दोन्ही वेळा पोळी, डब्यात पोळी, सकाळी उपमा नाहीतर ब्रेड, चहाबरोबर बिस्किट. तीन पिढ्यांत आमच्या आतड्यावर किती गहू वाढला ते यावरून कळतं. तुमच्या दवाखान्यात येणारी बहुतेक घरं अशीच असतील.

आता थायरॉईडचं सांगते, कारण हे पत्र लिहायला मी बसले ती त्यामुळेच.

गेल्या दिवाळीनंतर मला परत थकवा जाणवू लागला. हिमोग्लोबिन 12.4, म्हणजे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. तरी तिसऱ्या तासालाच पाय गळून जायचे, केस कंगव्यात गुच्छाने यायचे, शाळेत पंखा लावला की मला शाल लागायची. तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, 6.8 आलं, जास्तच; टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक, मात्र ठीक. टीपीओ अँटिबॉडी साडेचारशेच्या पुढे, जिथे मर्यादा 34 होती. म्हणजे गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीवरही माझ्याच शरीराचा हल्ला सुरू झाल्याची खूण. या आजाराला हाशिमोटो म्हणतात, जपानच्या डॉ. हाकारू हाशिमोटो यांनी 1912 मध्ये तो पहिल्यांदा नोंदवला म्हणून. सध्या मला गोळी नाही. दर सहा महिन्यांनी तपासायचं, टीएसएच चढत गेलं तर सुरू करायची. काहींचं वर्षानुवर्षं चढत नाही, काहींचं चढतं. मी उंबरठ्यावर आहे.

या उंबरठ्यावर राहणं कसं असतं, ते तुमच्यापर्यंत पोचावं असं वाटतं. सकाळी उठल्यावर अंग जड वाटलं की मी मनात हिशोब मांडते. परवा कुठे बाहेर खाल्लं होतं का? लोह परत उतरलं का? की आता थायरॉईड? तिन्हींचा थकवा आतून सारखाच लागतो. नवऱ्याला रोज काय सांगणार, म्हणून मी सांगत नाही. दवाखान्यातही "थकवा येतो" म्हटलं की समोरून "वय झालं, शाळा, घर, ताण" असं येतं. तुम्ही तसं म्हणालात की पुढचं बोलणं मी गिळून टाकते. इतर बायकाही तेच करतात, शिक्षकांच्या खोलीत मी ते रोज ऐकते.

सीलिॲक आणि थायरॉईड ही सख्खी भावंडं आहेत. ज्यांना हाशिमोटो आहे अशा शंभर जणांत साधारण दोन ते पाच जणांना सीलिॲक निघतं, आणि सीलिॲकवाल्यांत थायरॉईडचा त्रास इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. मुलांना होणारा टाइप वन मधुमेह याच घरातला. निदान झालं त्या दिवशी मला कोणी म्हणालं असतं की "ताई, वर्षातून एकदा टीएसएच बघत जा", तर मागच्या पाच वर्षांचे आकडे आज हातात असते. ते नाहीत. माझं टीएसएच दोनावरून सहावर आलं की कायमच सहा होतं, हे आता कोणालाच सांगता येत नाही.

उलट बाजूने हे आणखी महत्त्वाचं आहे. तुमच्याकडे थायरॉईडच्या गोळीवर असलेल्या बायका शेकड्याने आहेत. त्यातली एखादी अशी असते की डोस वाढवत जावं लागतं, पन्नास, पंच्याहत्तर, शंभर, सव्वाशे, तरी टीएसएच जागेवर येत नाही. तुम्ही तिला पहिला प्रश्न विचारता, गोळी उपाशीपोटी घेता का, चहा लगेच पिता का, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घेता का. हे प्रश्न बरोबरच आहेत. पण ती म्हणाली की हो, सगळं नीट पाळते, तर तिच्यावर अविश्वास दाखवू नका. थायरॉईडची गोळीही लहान आतड्यातूनच शोषली जाते. आतडंच झिजलेलं असेल तर ती घेऊन अर्धी वायाच जाते. अशा बाईचं सीलिॲक सापडून गहू बंद झाला की पुष्कळदा त्याच गोळीचा डोस कमी करावा लागतो.

आणि एक विनंती हात जोडून. थायरॉईड आहे म्हणून "गहू बंद करून बघा" असं तपासणीच्या आधी कोणालाही सांगू नका. सीलिॲक नसलेल्या माणसाचा थायरॉईड गहू सोडून बरा होतो याला ठोस आधार नाही. तरी मोबाईलवर हा सल्ला फिरतो आणि आता काही दवाखान्यांतूनही मिळू लागलाय. त्याचं काय होतं ते मी माझ्या घरात बघते आहे.

माझी धाकटी बहीण पिंपरीला असते. तिला 2016 पासून थायरॉईड आहे, डोस सव्वाशेपर्यंत गेला, रक्त नऊच्या आसपास. माझं निदान झाल्यावर मी तिला तपासून घे म्हटलं होतं, कारण सख्ख्या भावंडांत आणि मुलांत हा आजार साधारण दहा-बारांत एकाला निघतो. ते राहून गेलं. मागच्या वर्षी तिला एका डॉक्टरांनी सांगितलं की गहू सोडा, थायरॉईड सुधारेल. तिने सोडला. चार महिन्यांत पोट शांत झालं, तोंड येणं थांबलं. मग माझ्या आग्रहाने टीटीजी केली. नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला सीलिॲक नाही. खरं तर त्या रिपोर्टवरून काहीच कळत नव्हतं, कारण गहू बंद असला की या अँटिबॉडी हळूहळू उतरतात आणि आतडंही भरून येऊ लागतं. तपासायचं तर पोटात गहू असतानाच तपासायला हवं. हे एक वाक्य तिला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर तिचं वर्ष वाचलं असतं. तुम्ही म्हणाल, बरं वाटतंय ना, मग नावाची गरज काय? गरज आहे. सीलिॲक आहे हे माहीत असेल तर माणूस आयुष्यभर कणभरसुद्धा चुकत नाही, हाडांची घनता तपासतो, मुलांची तपासणी करतो. नुसतं "गहू सोसत नाही" एवढंच माहीत असेल तर दिवाळीत एखादी करंजी खाल्लीच जाते.

कणभर म्हणजे किती, हेही सांगायला हवं, कारण निदानानंतर मला दवाखान्यातून मिळालेली सूचना एका ओळीची होती: "गहू, मैदा, रवा बंद." मी तेवढं केलं. पोळी गेली, ब्रेड गेला, शेवया-कुरडया गेल्या. दहा महिन्यांनी टीटीजी केली तर आकडा अर्ध्यावर येऊन तिथेच अडला होता. मग शोध सुरू झाला. आधी हिंग सापडला. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून बाजारात तो पिठात आणि डिंकात मिसळून येतो, आणि पुष्कळ डब्यांवर बारीक अक्षरात ते पीठ गव्हाचं असल्याचं छापलेलं असतं. आमच्या घरात वरणापासून कोशिंबिरीपर्यंत एकही फोडणी हिंगाशिवाय नव्हती. म्हणजे मी रोज दोन वेळा गहू खात होते. त्यानंतर मेतकूट, त्यात गहू भाजून घालतात. थालीपिठाची भाजणी, तीच कथा.

सगळ्यात शेवटी गिरणी. मी ज्वारी निवडून, धुवून, वाळवून दळायला द्यायचे आणि भाकरी निर्धास्त खायचे. एका सकाळी डबा घेऊन गेले तर पुढे तीन गव्हाची दळणं होती. मी तिथेच बाकावर बसून राहिले आणि पहिल्यांदा नीट बघितलं. गिरणीच्या तोंडाला बांधलेली कापडी पिशवी, तिच्या शिवणीत साचलेली कणिक, पट्ट्यावर, भिंतींवर, काकांच्या भुवयांवर पांढरा थर. गव्हाचं शेवटचं दळण उतरलं, काकांनी पिशवीला दोन टपल्या मारल्या आणि माझी ज्वारी वर ओतली. माझ्या डब्यात पडलेल्या पहिल्या दोन ओंजळी पीठ ज्वारीच्या मानाने जास्तच पांढरं होतं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे "ग्लूटेनमुक्त" म्हणायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. त्या दोन ओंजळींत किती होतं कोण जाणे. काकांनी फार मनाने प्रयत्न केला, आधी तांदूळ दळून मग तुमची ज्वारी घेतो म्हणाले, पण ते पुरेसं नव्हतं. शेवटी हप्त्यावर घरघंटी घेतली. त्यानंतर आठ महिन्यांनी माझा रिपोर्ट पहिल्यांदा नॉर्मल आला.

हे सगळं तुम्ही पेशंटला सांगत बसावं असं मी म्हणत नाही, तेवढा वेळ तुमच्याकडे नसतो. पण "गहू बंद" लिहून झालं की खाली "हिंग, गिरणी, भाजणी" हे तीन शब्द लिहा आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवा. तीन शब्दांनी माझे दीड वर्ष वाचलं असतं. आपल्या स्वयंपाकात तर पर्याय घरातच आहेत. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, साबुदाणा, घावन, आंबोळी, उकडीचे मोदक. परदेशी पाकिटं घ्यायची कुवत नसली तरी मराठी माणूस या आजारात नीट जगू शकतो, फक्त त्याला रीत सांगणारं कोणी हवं.

माझ्या घरात ती रीत सासूबाईंनी बसवली. त्यांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर होतं. माझं पोळपाट-लाटणं वेगळं, पिठाची चाळण वेगळी, तवा वेगळा, त्याला त्यांनी कडीला लाल दोरा बांधला. सोसायटीत सत्यनारायण असला की प्रसादाच्या शिऱ्याला नाही म्हणताना माझा जीव अर्धा होतो. पहिल्या वर्षी मी तो हातावर घेतला आणि जिन्यात उभी राहून रडले. पुढच्या वेळी सासूबाई सकाळीच वरीचा शिरा करून, त्यात केळं आणि तुळशीचं पान घालून, पूजेच्या ताटात शेजारी ठेवून आल्या. गुरुजींना म्हणाल्या, हाही नैवेद्यच. तेव्हापासून आमच्या मजल्यावर दोन शिरे होतात.

तुमच्याकडे मागणं फार नाही. सगळ्यांना तपासा असं मी म्हणत नाही, त्याची गरजही नाही. गोळ्यांनी रक्त न वाढणारी बाई, डोस जागेवर न येणारी थायरॉईडची पेशंट, टाइप वन मधुमेहाचं मूल, वर्गात सगळ्यात बुटकं राहिलेलं आणि पोट पुढे आलेलं मूल, वारंवार गर्भपात होणारी सून, कमी वयात हाडं ठिसूळ झालेला माणूस, आणि ज्याच्या घरात आधीच कोणाला सीलिॲक आहे तो. एवढ्यांच्या कागदावर टीटीजी-आयजीए लिहा आणि शेजारी टोटल आयजीए, कारण काहींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं आणि मग पहिला रिपोर्ट खोटा दिलासा देतो. मला 2019 मध्ये या तपासणीला चौदाशे रुपये लागले होते. आधीच्या अकरा वर्षांत रक्तवाढीच्या औषधांवर आणि सलाईनवर किती गेले ते मी मोजलेलं नाही. ज्यांना चौदाशे परवडणार नाहीत त्यांना मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवा, पण चिठ्ठीवर तपासणीचं नाव लिहूनच पाठवा. नुसतं "पोटाची तक्रार" लिहिलं की माणूस ॲसिडिटीची गोळी घेऊन परत येतो.

माझी बहीण सध्या परत गहू खाते आहे. पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलंय की आठ आठवडे रोज दोन पोळ्या, मग पुन्हा टीटीजी आणि गरज पडली तर दुर्बीण. ती रोज सकाळी डब्याच्या पोळ्या करते, त्यातल्या दोन स्वतःच्या ताटात घेते आणि खाऊन झाल्या की भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने एक रेघ मारते. पोट फुगतं, तोंड परत आलंय, दोनदा ऑफिसातून लवकर घरी आली. काल फोनवर म्हणाली, ताई, एकतीस रेघा झाल्या, अजून पंचवीस. तिची नववीतली मुलगी वर्गात पहिल्या बाकावर बसते, उंचीमुळे. बहिणीचा रिपोर्ट काहीही येवो, तिची मावशी सीलिॲकची आहे आणि आईला थायरॉईड आहे, तेव्हा तिचीही तपासणी करायची असं आम्ही ठरवलंय. ती पोळी अजून खाते, आणि तपासणी होईपर्यंत बंद करू नकोस असं मी तिला बजावलंय. पुढच्या महिन्यात ती तुमच्यापैकीच कोणाच्या तरी समोरच्या स्टुलावर येऊन बसेल. रक्त कमी आहे, असं सांगेल.

आपली,
एक पेशंट, नाशिक